सायलेन्सरमधलं पाणी

डिझेलच्या गाडीच्या सायलेन्सरमधून पाणी टपकायला लागलं, की समजायचं हेडचं पॅकिंग गेलं. अकोल्याच्या कुठल्याही मिस्त्रीला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हेच सांगेल. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्या मधोमध भोकाभोकांचा एक पातळ पत्रा बसवलेला असतो, त्याला गॅरेजवाले पॅकिंग म्हणतात. ते जळलं की रेडिएटरचं पाणी आत शिरतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. मग हेड खोलायचं, पॅकिंग बदलायचं, बोल्ट आवळायचे. यात वादाला जागा नाही. ज्यांच्याविषयी मी लिहिते आहे, त्यांनी चाळीस वर्षं हेच काम केलं होतं आणि एकही गाडी परत आली नव्हती.

त्या एका सकाळी मात्र पाण्याचा अर्थ वेगळा होता. तो मला ठाऊक होता, त्यांना नव्हता. मी सांगितला नव्हता. एवढीच माझी गोष्ट आहे, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते.

मी तेव्हा अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. मेकॅनिकल विभागात बाई एकटी मीच. जीभ माझी लहानपणापासून तिखट, आणि पोरांच्या वर्गात ती आणखी तिखट करावी लागे. वऱ्हाडाची ती वर्षं वाईट होती. रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या, पेपर उघडायला नको वाटायचं. दिल्ली-मुंबईहून पाहुणे गाड्या भरभरून येत, गावात जात, ओसरीवर बसून दोन शब्द लिहून घेत आणि जेवायला परत शहरात येत. सरकारी मदतीचं पॅकेज हा शब्द लहान पोरांच्याही तोंडी झाला होता. आम्हा शिकवणाऱ्या लोकांनाही वाटे, आपण काहीतरी करावं. आणि खोटं कशाला बोला, त्यात आपलंही काहीतरी व्हावं, असंही वाटे.

अकोल्यात सरकीच्या तेलापासून वनस्पती तूप बनवणारा एक कारखाना होता. तेलाचं तूप करायला हायड्रोजन लागतो. हा गॅस कारखाना स्वतःच तयार करी आणि लाल सिलिंडरांत भरून ठेवी. कापूस वाहणारा टेम्पो याच हायड्रोजनवर चालवला तर, असं माझ्या डोक्यात आलं. सरकी कापसाची, गॅस सरकीच्या कारखान्यातला आणि टेम्पोत भरलेलाही कापूसच. डिझेल नाही, धूर नाही. हायड्रोजन जळला की त्याचं होतं फक्त पाणी. कागदावर हे इतकं सुंदर दिसायचं की मी माझाच प्रस्ताव पुन्हा पुन्हा वाचत असे.

प्रस्ताव मंजूर झाला. कॉलेजनं भंगारातून एक जुना मालवाहू टेम्पो आणला आणि अडचणींना सुरुवात झाली. डिझेलच्या हेडमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागी स्पार्क प्लग बसवायचा होता. नागपूरच्या दोन वर्कशॉपनी हात वर केले. पुण्याहून उत्तरच आलं नाही. तेव्हा आमच्या विभागाचा शिपाई म्हणाला, "मॅडम, अकोल्याले रेल्वे लाइनच्या बाजूनं एक उस्ताद हाय. तो करून देईन. त्यानं नाही म्हनलं त मंग सोडून द्या."

उस्ताद तेव्हा साठीच्या आसपास होते. पांढरी दाढी, मेंदी लावलेली, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मी हेड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ना माप घेतलं ना चित्र मागितलं. अंगठा एका भोकात फिरवला, मग दुसऱ्यात, आणि म्हणाले, "होते." पुढे मी बरंच बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. निघताना म्हणाले, "बेटा, चाय पेऊन जाय."

मी त्यांना चाचा म्हणू लागले. मला बेटा म्हणणारं त्या आख्ख्या कामात दुसरं कोणी नव्हतं.

त्यांच्याकडे वेळ होता, हे मला तेव्हा सोयीचं वाटलं. तो कुठून आला, हे मी विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांची सगळी गिऱ्हाइकं कापूस वाहणारे टेम्पोवाले. कापूस पिकला नाही की टेम्पो फिरत नाही, टेम्पो फिरला नाही की पॅकिंग जळत नाही. "पयले दिवाळीनंतर मले जेवाले वेळ नाही राहे," ते म्हणाले, "आता पाना गंजून राहिला." शेतकऱ्याची बातमी पेपरात यायची. मिस्त्रीची कोण छापतो?

आठवड्यातून तीन दिवस ते अकोल्याहून पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरत आणि ऑटोनं कॉलेजात येत. त्यांची काम करायची रीत पाहण्यासारखी होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सायलेन्सरच्या तोंडाशी उजवा तळहात धरायचा, थोपटल्यासारखा, आणि तो नाकाशी न्यायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी. वास आंबट असला तर एक आजार, कडवट असला तर दुसरा. "इंजिन खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "मालक बोलते."

आमचं इंजिन टेबलावर पहिल्यांदा हायड्रोजनवर चाललं, त्या दिवशी उन्हाळा होता आणि सायलेन्सरचा पाइप भिंतीतून पलीकडे काढलेला होता. चाचा भिंतीपलीकडे गेले, तळहात धरला, नाकाशी नेला आणि तसेच उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा पडलेला होता.

"याले धूर नाही," ते म्हणाले. "वास बी नाही. मंग कळाचं कसं?"

मी हसले. "कळायची गरज नाही चाचा, मीटर आहेत ना."

ते हसले नाहीत. कापडाला हात पुसून कामाला लागले. त्या एका वाक्यानं मी त्यांचं नाक, कान आणि तळहात, तिन्ही बाद करून टाकले होते. मला ते समजलं नाही, कारण मी आनंदात होते.

उन्हाळ्याच्या त्या झळांत पाइपमधून जे पाणी निघे ते वाफ होऊनच उडून जाई. म्हणून चाचांना ते कधी दिसलं नाही. मुलांना मात्र मी फळ्यावर सगळं समजावलं होतं. पाणी का होतं, किती होतं, ते दिसणं ही चांगली खूण कशी. सुरक्षेचा वेगळा तासही घेतला. हायड्रोजनची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही, शंका आली तर लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचं, झाडू पेटला की थांबायचं. पोरांना त्या झाडूची गंमत वाटली. जनरेटरचा आवाज फार होता म्हणून मी दार लावून घेतलं होतं. दाराबाहेर व्हरांड्यात चाचा उकिडवे बसून प्लग घासत होते.

माझे आजोबा शाळेच्या बाहेर ओट्यावर बसून शिकले. मास्तर आत शिकवायचे आणि आजोबा खिडकीखाली बसून ऐकायचे. हे आमच्या घरी दर चौदा एप्रिलला सांगितलं जायचं. मलाही शाळेच्या भाषणात ते सांगून टाळ्या मिळाल्या आहेत. त्या दिवशी दार लावताना ते मला आठवलं नाही. आजोबांच्या वेळी निदान खिडकी तरी उघडी होती.

आता त्या पॅकिंगविषयी सांगायला हवं. डिझेलच्या इंजिनात दाब फार असतो. तेवढ्या दाबावर हायड्रोजन वेळेच्या आधीच पेटतो. दाब कमी करायचा म्हणून मी पुण्याहून एक जाड पॅकिंग खास बनवून घेतलं होतं, दोन थरांचं, मध्ये पोलादी पत्रा घातलेलं. ते आलं त्या आठवड्यात चाचा भाचीच्या लग्नासाठी मूर्तिजापूरला गेले होते. मुलांनीच ते बसवलं आणि इंजिन टेम्पोत चढवलं. चाचा परत आल्यावर त्यांना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं मी म्हणते. खरं म्हणजे सांगायला हवं, असं मला वाटलंच नाही.

डिसेंबरात, प्रस्ताव मंजूर करणाऱ्या समितीचं पत्र आलं. पाच जण दिल्लीहून येणार, सकाळी गावं बघणार, दुपारी आमचा टेम्पो आणि मग मोर्शीच्या बाजूला संत्र्याचे बगीचे. टेम्पो मालासकट चालला तर पुढच्या तीन वर्षांचं काम मिळणार होतं. माझी नोकरी तोवर कायम झालेली नव्हती आणि प्राचार्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं की, दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. घरात मिळवती मी एकटी. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन अंथरुणाला खिळलेले.

समिती सोमवारी येणार होती. रविवारी चाचा न बोलावता अकोल्याहून आले. उद्या साहेब लोक येणार, गाडीवर एकदा हात फिरवावा, एवढाच त्यांचा हेतू. सकाळी कडाक्याची थंडी होती. त्यांनी टेम्पो सुरू करून अर्धा तास तसाच चालू ठेवला. लांब, गार सायलेन्सरमधून पाणी टपकायला लागलं. आधी थेंब थेंब, मग धार लागावी तसं. ज्या पाण्याची मी वर्षभर वाट पाहत होते, ते त्यांच्या पायाशी साचत होतं.

त्यांनी वॉचमनच्या मोबाइलवरून मला फोन केला. मी प्राचार्यांच्या खोलीत होते. स्वागताच्या फलकावर कोणाचं पद आधी आणि कोणाचं नंतर, याचा वाद चालला होता.

"बेटा, सायलेन्सरातून पानी येऊन राहिलं. चांगलंच येऊन राहिलं. मले वाटते पॅकिंग गेलं. हेड खोलू काय?"

प्राचार्य मला बोटांनी विचारत होते, गुच्छ पाच की सहा.

"चाचा, तुम्हाला बरोबर वाटेल ते करा. उद्या गाडी चालली पाहिजे, बस."

"एकडाव येऊन पाह्यतं काय तू?"

"वेळ नाही हो चाचा."

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मी पाणी हा शब्द नीट ऐकलाच नव्हता. ते खोटं आहे. मी ऐकला होता. पाणी आलं म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं होतं. मग प्राचार्यांनी पुन्हा बोटं दाखवली आणि मी सहा म्हणाले.

चाचांनी हेड खोललं. आत पाहतात तर दुहेरी पॅकिंग. आता, गॅरेजच्या धंद्यात दुहेरी पॅकिंग म्हणजे लबाडी. हेड वाकडं झालं की लुच्चा मिस्त्री ते घासून सरळ करत नाही, दोन पॅकिंगं एकावर एक टाकतो आणि गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. त्यांना वाटलं, पोरांनी घाईत हाच उद्योग केला आणि तो उद्या साहेबांसमोर माझ्या अंगावर येणार. वॉचमननं मला नंतर सांगितलं, ते कपाळाला हात लावून म्हणाले, पोरीची इज्जत गेली असती. मग ते बाजारात गेले, रविवारचं बंद दुकान मालकाला घरून बोलावून उघडायला लावलं, कंपनीच्या मापाचं पातळ, नवं कोरं पॅकिंग आणलं. हेड पुसून आरशासारखं केलं. बोल्ट ठरल्या क्रमानं, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले. असं काम त्या कॉलेजात आधी कोणी केलं नसेल, नंतरही नाही.

पुन्हा सुरू केल्यावर पाणी थोडं आलंच. सायलेन्सरात साचलेलं असेल, निघून जाईल, असं त्यांनी वॉचमनला सांगितलं. रिकामी गाडी जागेवर चालत होती तोवर इंजिनही शांत होतं.

सोमवारी दुपारी टेम्पोत कापसाची गाठोडी भरली. ती कल्पनाही माझीच, फोटो चांगला यावा म्हणून. एक विद्यार्थी चालवायला बसला. साहेब लोक मांडवात, प्राचार्य त्यांच्या बाजूला, मी माईकजवळ. चाचा टेम्पोच्या मागे, धुतलेला सदरा घालून. टेम्पो मैदानातून निघाला, चढाला लागला, इंजिनावर भार आला, वाढलेल्या दाबानं गॅस वेळेच्या आधीच पेटला आणि धाडकन आवाज झाला. हवेच्या पाइपचं रबर उडालं, त्याला जोडलेली गॅसची नळी फाटली. टेम्पो थांबला. पोरगा उडी मारून पळाला. मांडवातल्या खुर्च्या पडल्या.

कुठं काही पेटलेलं दिसत नव्हतं. ऊन लख्ख होतं. पण गॅसचा सिलिंडर उघडा होता आणि फाटलेल्या नळीतून गॅस जळत होता. ती ज्योत कोणालाच दिसत नव्हती, आणि तिच्यामागे हातभर अंतरावर कापूस भरलेला होता. मला हे उमगलं आणि माझे पाय जागच्या जागी राहिले. ज्या पोरांना मी झाडूची गोष्ट सांगितली होती, ती सगळी फाटकापर्यंत पोचली होती. पुढे गेले ते चाचा. त्यांना एवढंच कळत होतं की आधी गॅस बंद करायचा. त्यांनी उजवा हात सरळ सिलिंडरच्या चावीकडे घातला आणि ती फिरवली.

चावी पूर्ण बंद होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग ते हाताकडे बघत उभे राहिले. चेहऱ्यावर दुखण्याच्या आधी आश्चर्य होतं. आग कुठंच नाही आणि हात जळतोय, हे काय आहे, असं.

मी धावत गेले. हात पाहिला. आणि पाच साहेब, प्राचार्य, सारे जवळ येत होते म्हणून, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

"इंजिन कोणी खोललं? तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि ते उत्तर मीच होते. सगळ्यांच्या देखत ते सांगायला एक शब्द पुरला असता.

"गलती झाली, मॅडम," ते म्हणाले.

मॅडम हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

समिती संत्री बघायला निघून गेली. तीन दिवसांनी कॉलेजनं लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की बाहेरच्या अप्रशिक्षित मिस्त्रीनं परवानगीशिवाय इंजिन उघडून मूळ पॅकिंग बदलल्यामुळे अपघात घडला. परवानगीशिवाय हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, हे मला आठवतं. मग पुन्हा उचलून पुढचं वाक्य लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती दिली आणि खाली सही केली. वॉचमनला कोणी काही विचारलं नाही. टेम्पोचं काम बंद झालं, पण खुलाशामुळे कॉलेजवर ठपका आला नाही आणि माझी नोकरी कायम झाली.

हातापायी चाचा तीन आठवडे अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात होते. मी दोनदा जायला निघाले. एकदा मूर्तिजापूरपर्यंत जाऊन परत फिरले.

पुढे वडील गेले, मी पुण्याला आले. मालवाहू गाड्यांची इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. बरीच वर्षं डिझेलचा धूर कमी करण्यात गेली आणि मग वारं फिरलं. आता जो तो हायड्रोजन हायड्रोजन करतो. आमचा पहिला ट्रक चाचणीला उभा राहिला तेव्हा सायलेन्सरमधून पाणी टपकलं आणि तरुण इंजिनिअर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एकानं त्या थेंबांचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मला तिथं उभं राहवेना. मी सुट्टी टाकली आणि रात्रीच्या गाडीनं अकोल्याला गेले.

गॅरेजची जागा तीच होती, पण अर्ध्या भागात पुतण्यानं पंक्चरचं दुकान टाकलं होतं. चाचा बाहेर बाजेवर बसले होते. खूप थकलेले. उजव्या हाताची बोटं आत वळून तशीच राहिली होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. उठायला लागले.

"या, मॅडम. बसा." पुतण्याला चहा सांगितला.

पुतण्या म्हणाला, उस्तादांनी त्या साली काम सोडलं ते सोडलंच. हात बरा झाल्यावरही लोक येत, नुसतं बसून सांगा, पोरं खोलतील, म्हणत. पण ते कोणत्याही इंजिनाजवळ जायला तयार नव्हते. मला वाटलं होतं की हात गेला म्हणून, किंवा त्या अपघाताविषयी पेपरात काहीबाही छापून आलं म्हणून. माझ्या पाठांतरात माफीची तीच वाक्यं होती.

आत भिंतीवर एका खिळ्याला काहीतरी टांगलेलं दिसलं. भोकाभोकांचं, जाड, दोन थरांचं. मी पुण्याहून बनवून घेतलेलं पॅकिंग. इतक्या वर्षांत त्याला गंज चढला नव्हता. रोज पुसलं तरच असं राहतं.

"हे तुम्ही ठेवलंत?"

"ठेवलं," ते म्हणाले. "याच्यात जळलेली जागा पाह्यत होतो. पानी आलं म्हंजे जळलेलं असनच ना कुठंतरी. उन्हात धरून पाह्यलं, चश्मा लावून पाह्यलं. कुठंच दिसत नोती. मंग मले समजलं, माही नजर गेली. ज्याले जळलेली जागा दिसत नाही, त्यानं लोकायची गाडी काहून खोलाव?"

चहा आला होता. मी तो खाली ठेवला. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"चाचा, ते जळलेलं नव्हतंच. ते चांगलं होतं. हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. ते पाणी येणारच होतं. आलं म्हणजे इंजिन बरोबर चाललं होतं."

लाइनीवरून एक मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघंही डबे बघत राहिलो. मग त्यांनी डाव्या हातानं पॅकिंग खिळ्यावरून काढलं आणि पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे माही नजर चांगली होती."

"हो."

"अन् हे तुमाले तवाच मालूम होतं?"

"हो, चाचा."

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पॅकिंग पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो पदरात घेऊन आले असते.

"मंग सांगाचं होतं ना, मॅडम," ते म्हणाले. "मी इचारलं होतं."